अर्थिंगचा दोष, वसुली मात्र कामगाराकडून

गेल्या पावसाळ्यात एका स्थानकाच्या टेलिकॉम रूममध्ये आमच्या एका साथीच्या समोर लॅपटॉप जळाला. साथी जुना माणूस, अठरा वर्षे बॅटरी, केबल आणि कंट्रोल फोन याच कामात गेलेली. वरून हुकूम होता की ४८ व्होल्टच्या बॅटरी बँकेची डिस्चार्ज चाचणी दहा तास घ्यायची आणि दर मिनिटाची नोंद संगणकावर करायची. त्यासाठी कचेरीने यूएसबीला जोडायचा एक छोटा मोजणीचा डबा इम्प्रेस्टमधून विकत आणला. डब्याची मर्यादा १० व्होल्टची, म्हणून रेझिस्टन्सचा डिव्हायडरही कचेरीनेच जोडून दिला. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी जेमतेम दीड तास टिकणारी, म्हणून चार्जर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावलेला. साथीने आयुष्यभर जे केले तेच केले. काळी क्लिप निगेटिव्हवर लावली. ठिणगी उडाली, क्लिप टर्मिनलला चिकटली, यूएसबीची वायर धूर सोडत वितळली आणि पडदा काळा झाला.

पंधरा दिवसांनी मेमो आला. त्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द दोनदा आहे आणि ‘अर्थिंग’ हा शब्द एकदाही नाही. लॅपटॉपची किंमत पगारातून का वसूल करू नये, असे विचारले आहे.

आम्ही त्या खोलीत जाऊन पाहिले, वायरी पाहिल्या, जळालेला डबा उघडून पाहिला. आमचे स्पष्ट म्हणणे आहे की साथीची चूक असलीच तर ती एवढीच, की जे त्याला कोणी सांगितले नाही ते त्याला ठाऊक नव्हते. असा प्रसंग उद्या सोलापूरला, इटारसीला, हुबळीला किंवा एखाद्या तालुक्याच्या पोस्टातही घडू शकतो. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत. वाचक बंधू-भगिनींनी कंटाळा करू नये. यात गणित फारसे नाही.

आपला हातातला मल्टीमीटर आतल्या ९ व्होल्टच्या सेलवर किंवा छोट्या बॅटऱ्यांवर चालतो. जमिनीशी, भिंतीशी, वीजपुरवठ्याशी त्याचा काही संबंध नसतो. तो अधांतरी असतो. त्यामुळे त्याची काळी प्रोब कुठेही लावा, तो फक्त दोन टोकांमधला फरक दाखवतो. वर्षानुवर्षे आपल्या हाताला हीच सवय लागलेली आहे.

लॅपटॉपचे तसे नाही. लॅपटॉपला जोडलेल्या साध्या मोजणीच्या डब्याची काळी वायर आतून यूएसबीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. यूएसबीचा निगेटिव्ह लॅपटॉपच्या आतल्या धातूच्या सांगाड्याला, सांगाडा चार्जरच्या निगेटिव्हला, आणि चार्जर तीन पिनांचा असेल तर तो निगेटिव्ह बहुतेक वेळा तिसऱ्या जाड पिनेला. म्हणजे काळी क्लिप हातात धरली की इमारतीच्या अर्थची वायरच हातात धरली. ही गोष्ट डब्यावर कुठेही लिहिलेली नसते. माहितीपुस्तकात एखाद्या कोपऱ्यात इंग्रजीत असते, आणि ते पुस्तक स्टोअरमध्येच राहते.

आता टेलिकॉमची बॅटरी आठवा. दूरसंचाराच्या ४८ व्होल्ट पुरवठ्यात पॉझिटिव्ह बाजू अर्थ केलेली असते. जमिनीखालच्या तांब्याच्या केबलला गंज लागून ती खाल्ली जाऊ नये, यासाठी ही पद्धत पूर्वीपासून चालत आली. म्हणजे तिथे निगेटिव्ह हीच ‘जिवंत’ बाजू. आमच्या साथीने लॅपटॉपमार्फत अर्थला जोडलेली काळी क्लिप त्या जिवंत निगेटिव्हवर लावली. बॅटरीचा पॉझिटिव्ह अगोदरच अर्थवर होता. सगळी बँक एका केसाएवढ्या यूएसबी वायरमधून शॉर्ट झाली. तेवढ्या बॅटरीपुढे ती वायर कितीशी टिकणार? हाच लॅपटॉप त्याच खोलीत २४ व्होल्टच्या एखाद्या अर्थ न केलेल्या बॅटरीवर लावला असता, तर ठिणगीही उडाली नसती. साथीचा हात दोन्हीकडे तोच. म्हणून ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आम्हाला मान्य नाही.

चौकशीत एका अधिकाऱ्याने विचारले, “मग चार्जर काढून का नाही मोजले?” प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. दहा तासांची चाचणी दीड तासाच्या बॅटरीवर कशी घ्यायची, याचे उत्तर त्यांनीच द्यावे. आणि चार्जर काढल्याने सगळे प्रश्न सुटतात असेही नाही. चार्जर काढल्यावर लॅपटॉप अधांतरी होतो हे खरे. पण मग काळी क्लिप ज्या व्होल्टेजवर असेल, त्या व्होल्टेजवर लॅपटॉपचा सांगाडाही जातो. सिग्नलच्या एकत्रित वीजपुरवठ्यात ११० व्होल्टची बँक असते, २ व्होल्टचे ५५ सेल एकापुढे एक. तुम्ही चाळिसाव्या सेलचे व्होल्टेज पाहायला काळी क्लिप त्या सेलच्या निगेटिव्हवर लावली, तर लॅपटॉपचे यूएसबीचे तोंड, स्क्रू, धातूची कडा हे सारे बँकेच्या निगेटिव्हपासून ८० व्होल्टच्या वर उभे राहते. दुसरा हात बँकेच्या दुसऱ्या टोकाला किंवा अर्थ झालेल्या रॅकला लागला, की पुढचे सांगायला नको. त्यात कोणी मधेच प्रिंटर किंवा जुन्या पद्धतीची सिरीयल केबल जोडली, तर गेलेला अर्थ मागच्या दाराने परत येतो.

आणखी एक सापळा आहे, तोही याच बँकेवरचा. डब्याला चार किंवा आठ चॅनेल असतात. माणसाला वाटते, चार मीटर एकदम मिळाले. म्हणून तो एक जोडी पाचव्या सेलवर लावतो आणि दुसरी पंधराव्या सेलवर. पण साध्या डब्यात सगळ्या चॅनेलच्या काळ्या वायरी आतून एकच असतात. मधले दहा सेल त्या काळ्या वायरींमधून शॉर्ट होतात. इथे चार्जर लावलेला असो की नसो, निकाल तोच.

आतापर्यंत सांगितले ते नुकसान डोळ्यांना दिसणारे. रिले रूममधले दिसत नाही, आणि आम्हाला खरी काळजी त्याची आहे.

सिग्नलच्या रिले सर्किटचा डीसी पुरवठा मुद्दाम अर्थपासून वेगळा ठेवलेला असतो. केबल कुठेतरी कुजली, एक वायर जमिनीला टेकली, तरी त्या एका दोषाने काही चुकीचे घडू नये ही त्यामागची योजना. तो पहिला दोष कळावा म्हणून अर्थ लीकेज डिटेक्टर बसवलेला असतो. दुसरा दोष येण्याआधी पहिला काढायचा, हा सगळ्या मेंटेनरांना पाठ असलेला नियम. आता एखाद्याने तीन पिनी चार्जरवर चालणारा लॅपटॉप तिथे आणला आणि काळी क्लिप एखाद्या रिलेच्या कॉइलवर लावली, की त्याने स्वतःच्या हाताने एक अर्थ दोष तयार केला. डिटेक्टर चालू असेल तर ओरडेल. तो बंद असेल, किंवा रोजच्या ओरडण्याला कंटाळून कोणी गप्प केला असेल, तर काहीच कळणार नाही.

समजा त्या दिवशी पॉझिटिव्ह बसवर पावसामुळे आधीच एक लीकेज आहे. रिलेला पॉझिटिव्ह देणारा काँटॅक्ट उघडा आहे, म्हणजे रिले पडलेला असायला हवा. वायरी उलट्या समजल्याने काळी क्लिप कॉइलच्या पॉझिटिव्ह बाजूला लागली. करंट बसवरून जमिनीत, जमिनीतून इमारतीच्या अर्थमध्ये, तिथून चार्जर, लॅपटॉप, क्लिप असा फिरून कॉइलमध्ये जातो. जो काँटॅक्ट सुरक्षिततेसाठी ठेवला, त्याला वळसा पडला. लीकेज मोठे असेल तर रिले उचलूही शकतो. दोन्ही बाजूंनी कट केलेल्या सर्किटमध्ये एकाच बाजूला वळसा पडतो, दुसरी बाजू धरून ठेवते. पण मग आपण दोन कुलपांपैकी एक काढून ठेवले, आणि तेही गाडी चालू असताना. रिले उचलला म्हणजे काय, हे सिग्नलच्या माणसाला समजावण्याची गरज नाही.

आम्ही घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. रिले रूममध्ये कायमचे बसवलेले डेटा लॉगर हे धोके ओळखूनच बनवलेले असतात. त्यांच्या इनपुट कार्डात विद्युतदृष्ट्या विलगीकरण असते. नियम आहेत, ज्ञानही आहे. कायम बसवलेल्या यंत्राला जी काळजी लागू आहे, ती बाजारातून आणलेल्या डब्याला का लागू होत नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे. टेंडर काढून घेतलेल्या यंत्राला स्पेसिफिकेशन लागते आणि इम्प्रेस्टमधून आणलेल्याला फक्त पावती लागते, असे दिसते.

रुळावरची कथा वेगळी. २५ हजार व्होल्ट एसी कर्षणात इंजिनाने घेतलेला करंट रुळांतून परत जातो. एकेरी रूळ ट्रॅक सर्किटमध्ये एक रूळ ट्रॅक सर्किटसाठी तोडलेला असतो आणि दुसरा या परतीच्या करंटसाठी सलग ठेवलेला असतो. गाडीने जोर घेतला की त्या रुळाचे व्होल्टेज लांबच्या जमिनीच्या तुलनेत वर जाते. मुंबईच्या उपनगरी मार्गावर १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसी होते, आणि २०१६ पर्यंत तिथेही सगळीकडे एसी आले. त्यामुळे आता हा प्रश्न तिथल्या जुन्या साथींनाही नव्याने समजून घ्यावा लागणार. रिले रूमच्या सॉकेटमधून एक्स्टेंशन ओढून लॅपटॉप बाहेर नेला आणि काळी क्लिप रुळावर लावली, तर रूळ आणि रिले रूमचा अर्थ या दोन वेगळ्या जमिनी एका बारीक वायरीने जोडल्या गेल्या. परतीच्या करंटला नवी वाट मिळाली. लॅपटॉप वाचला तरी पडद्यावर दिसते ते ट्रॅकचे व्होल्टेज नसते. त्यात पन्नास हर्ट्झच्या लाटा मिसळलेल्या असतात. मग ट्रॅक ‘मार्जिनल’ असल्याचा शेरा पडतो आणि जिथे दोष नाही तिथे गँग पाठवली जाते.

टपालातले साथी म्हणतील, आमचा रुळांशी आणि रिलेशी काय संबंध? संबंध आहे. काउंटरवर बसून सीपीयूच्या डब्याला पाय लागला आणि झिणझिण्या आल्या, असे न झालेला पोस्टल असिस्टंट आम्हाला भेटायचा आहे. त्या झिणझिण्या याच विषयातल्या. संगणकाच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि ते थोडा करंट अर्थमध्ये सोडतात. एका यंत्राला मानकाने ३.५ मिलिअँपिअरपर्यंत मुभा दिलेली आहे. अर्थ चांगला असेल तर तो करंट मुकाट निघून जातो. अर्थ तुटलेला असेल तर यंत्राचा सांगाडा पुरवठ्याच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. एका यंत्राचा करंट हाताला फक्त टोचतो. पण एका एक्स्टेंशन बोर्डावर सहा यंत्रे असतील आणि त्या बोर्डाचा अर्थ मेलेला असेल, तर सहाही यंत्रांची गळती एकत्र होऊन ज्याचा हात लागेल त्याच्यातून जाते. भाड्याच्या जुन्या इमारतीत तिसरी वायर नुसती सॉकेटपर्यंत येऊन थांबलेली असते. मागे खड्डा नाही, पट्टी नाही, काही नाही.

आणि तिथला ‘सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ कोण? आपलाच पोस्टल असिस्टंट, ज्याला संगणकाची आवड आहे म्हणून ते काम गळ्यात पडले. यूपीएस बॅकअप देत नाही म्हटल्यावर वरून फोन येतो, “बॅटरीचे व्होल्टेज बघून कळवा.” ट्रान्सफॉर्मर नसलेल्या यूपीएसमध्ये बॅटरीची टोके मेन्सपासून वेगळी नसतात. बॅटरी दिसते १२ व्होल्टच्या डब्यांची, पण अर्थच्या तुलनेत ती मेन्सएवढी धोकादायक असू शकते. तिथे लॅपटॉपची काळी क्लिप लावणे म्हणजे मेन्स अर्थला जोडणे. आमचा टपालातल्या साथींना आग्रह आहे की हे काम तोंडी हुकुमावर करू नका. लेखी मागा, आणि ते करणारा विजेचा जाणकार मागा.

आता थोडे आपल्याबद्दल, कारण सगळा दोष प्रशासनाचा असे म्हणणे सोपे आहे. लॅपटॉपवर रीडिंग नाचते, डिटेक्टर ओरडतो, तेव्हा आपल्यातलाच एखादा हुशार माणूस चार्जरची तिसरी पिन पकडीने मोडतो. रीडिंग शांत होते, सगळे त्याची पाठ थोपटतात. पण वर सांगितल्याप्रमाणे आता लॅपटॉपचा सांगाडा ११५ व्होल्टवर तरंगतो आहे आणि चार्जर आतून बिघडला तर पूर्ण २३० व्होल्ट हातात येण्याला अडवणारे काही उरलेले नाही. ती पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड केलेली आहे, कारण ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी. ती मोडणारा हात आपला असेल तर युनियन त्याची बाजू कशी घेणार? शाखेच्या बैठकीत हे आम्ही बोललो तेव्हा दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. ते बरे झाले.

दोन पिनी चार्जर लावला म्हणजे सुटलो, हाही गैरसमज आहे. त्यातही आत एक छोटा कपॅसिटर असतो. त्याचा करंट मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाच्या आसपास, माणसाला इजा न करणारा. पण मल्टीमीटरने लॅपटॉपचा सांगाडा आणि अर्थ यांच्यामध्ये पाहिले तर साठ-सत्तर व्होल्टपासून शंभरपर्यंत काहीही दिसते, आणि नाजूक मोजणीत हा सगळा गोंगाट रीडिंगमध्ये उतरतो.

प्रत्येकाला आजच करता येईल अशी एक तपासणी आहे. चार्जर भिंतीतून काढा, लॅपटॉपला जोडलेला राहू द्या. डबा यूएसबीला लावा, पण क्लिपा मोकळ्या ठेवा. मल्टीमीटर ओहमवर ठेवून एक प्रोब काळ्या क्लिपला आणि दुसरी चार्जरच्या जाड पिनेला लावा. शून्याच्या जवळ आले तर तुमची काळी क्लिप म्हणजे अर्थ, हे पक्के. मग अर्थ नसलेल्या किंवा पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या सर्किटवर तो संच लावू नका. मात्र उलट निकाल आला म्हणजे संच सुरक्षित झाला, असे समजू नका. सॉकेटचेही तसेच. फेज आणि अर्थमध्ये मीटर २३० दाखवतो म्हणून अर्थ चांगला असे होत नाही. मीटरला करंट लागतच नाही, म्हणून गंजलेल्या पट्टीतूनही तो २३० दाखवेल. अर्थचा रोध अर्थ टेस्टरनेच मोजावा लागतो. इलेक्ट्रॉनिक सिग्नल यंत्रणेला तो १ ओहमच्या आत हवा. खड्ड्याजवळच्या पाटीवर रंगाने लिहिलेली तारीख आणि आकडा जरूर वाचा. काही ठिकाणी रंग ताजा आहे आणि खड्डा कोरडा ठणठणीत.

यावर उपाय महागडे नाहीत. यूएसबीच्या मध्ये लावायचा विलगीकरणाचा छोटा डबा मिळतो, विलगित इनपुटचे मोजणी संच मिळतात, डिफरन्शियल प्रोब मिळते. जळालेल्या एका लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने विलगीकरणाचा डबा स्वस्तच पडतो. फक्त त्यावर विलगीकरण किती व्होल्टचे आणि कोणत्या मापन वर्गाचे, हे छापलेले पाहून घ्यावे. बाजारात नुसते नाव लावलेला मालही भरपूर आहे. आणि जिथे एकच आकडा पाहिजे तिथे लॅपटॉप कशाला? मल्टीमीटर पुरतो. अहवालात रंगीत आलेख हवा म्हणून माणसाला धोक्यात घालण्याचे कारण नाही.

म्हणून आम्ही विभागीय पातळीवर निवेदन दिले आहे. सिग्नल, टेलिकॉम किंवा वीजपुरवठ्याच्या सर्किटवर लॅपटॉपने मोजणी करायची असेल तर विलगित संच आणि चालू स्थितीतली बॅटरी असलेला लॅपटॉप द्यावा, नाहीतर ते काम सांगू नये, ही त्यातली मुख्य मागणी. अर्थ चाचणीचे रजिस्टर त्या खोलीत काम करणाऱ्या माणसाला पाहायला मिळावे. ते कचेरीच्या कपाटात ठेवून उपयोग नाही. प्रशिक्षण केंद्रात या विषयाला निदान एक दिवस द्यावा आणि शिकवण्याची भाषा शिकणाऱ्याला कळणारी असावी. टपालाच्या साथींनी आपल्या पातळीवर भाड्याच्या इमारतींच्या अर्थिंगची आणि काउंटरच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरच्या गळती-ब्रेकरची मागणी लावून धरावी. आमच्या निवेदनाची प्रत हवी असेल त्यांनी शाखेकडे मागावी.

साथीच्या मेमोला उत्तर आम्हीच लिहून दिले. त्यासोबत एका कागदावर बॅटरी, अर्थ, चार्जर आणि क्लिप यांचे चित्र काढून करंटची वाट लाल शाईने दाखवली आहे, आणि डबा कोणी मागवला, डिव्हायडर कोणी बनवला, त्या खोलीत पॉझिटिव्ह अर्थ असल्याची सूचना कुठे लावली होती, हे तीन प्रश्न विचारले आहेत. उत्तराची पोच मिळाली आहे. वसुलीचा आदेश अजून निघालेला नाही, आणि मागेही घेतलेला नाही. दरम्यान त्या खोलीत नवा लॅपटॉप आला आहे. चार्जर तीन पिनांचाच आहे, आणि मोजणीचा डबा त्याच मॉडेलचा.